चंद्राचा डेटा खुला, सिल्क बोर्डचा कुलुपात

बंगळुरू शहराबाहेर ब्यालालू येथे इस्रोचे अवकाश विज्ञान डेटा केंद्र आहे. चंद्रयान-३ ने चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात घेतलेली मोजमापे तेथे जतन केली जातात. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, विक्रम आणि प्रज्ञान यांवरील उपकरणांचा सुमारे ५५ गिगाबाइट डेटा अभ्यासकांसाठी खुला करण्यात आला. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आज आपले नाव नोंदवून तो उतरवून घेऊ शकतो, त्यावर स्वतःचे आलेख काढू शकतो आणि प्रसिद्ध निष्कर्षात चूक आढळली तर ती दाखवूनही देऊ शकतो.

आता त्याच विद्यार्थ्याने त्याच बंगळुरूतील सिल्क बोर्ड चौकाविषयी एक साधा प्रश्न विचारावा. येथे मोबाइलचा सिग्नल सेकंदासेकंदाला कसा चढतो-उतरतो? मोजणी झालेली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, नेमलेल्या संस्थेमार्फत शहरोशहरी मोजणीची गाडी फिरवते. या ड्राइव्ह टेस्ट बंगळुरूतही होतात. गाडीत प्रत्येक कंपनीचे फोन असतात, ते कॉल लावतात, फाइली उतरवतात आणि प्रत्येक क्षणाची नोंद लॉगमध्ये ठेवतात. परंतु विद्यार्थ्याच्या हाती येतो तो पीडीएफ अहवाल. त्यात कंपनीनिहाय कोष्टके असतात: किती टक्के कॉल लागले, किती तुटले, डाउनलोडचा वेग किती, विलंब किती. सेकंदासेकंदाची नोंद त्यात नसते. वर्तमानपत्रे त्या कोष्टकातून एक ओळ उचलतात, अमुक कंपनी पहिली आणि तमुक दुसरी असा मथळा होतो, आणि विज्ञानाच्या पानावर यायला हवी ती गोष्ट बाजारभावाच्या पानावर जाऊन बसते.

सार्वजनिक पैशाने झालेल्या मोजणीचा निष्कर्ष तेवढा प्रसिद्ध करायचा आणि मोजणी मागे ठेवायची, ही रीत विज्ञानाला मान्य नाही. ती नियमनालाही मान्य असू नये. लॉगपासून कोष्टकापर्यंत आणि कोष्टकापासून रंगीत नकाशापर्यंत येताना अर्धा डझन निर्णय घ्यावे लागतात, आणि त्यांतील प्रत्येक निर्णय उत्तर बदलू शकतो. मूळ लॉग हाताशी नसेल तर ते निर्णय बरोबर होते की चूक, हे तपासण्याचा मार्गच उरत नाही.

सर्वांत साधा निर्णय सरासरीचा. फोरजी फोन सिग्नलची ताकद आरएसआरपी या राशीने सांगतो. तिचे एकक डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेतील डेसिबल. ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे. समजा, रस्त्याच्या एका टोकाला उणे ८० डीबीएम सिग्नल मिळाला आणि दुसऱ्या टोकाला उणे १२०. आकड्यांची सरळ सरासरी उणे १०० येते. पण दोन्ही आकडे आधी मिलिवॅटमध्ये नेले, तेथे सरासरी काढली आणि मग परत डेसिबलमध्ये आणले, तर उत्तर उणे ८३ येते. दोन्हींत १७ डेसिबलचा फरक, म्हणजे शक्तीत सुमारे ५० पट. कोणती सरासरी योग्य, हे प्रश्नावर अवलंबून आहे. एकूण किती ऊर्जा पोहोचली हे हवे असेल तर दुसरी; अधल्या-मधल्या ग्राहकाला काय मिळते हे हवे असेल तर पहिली तिच्या जवळ जाणारी, आणि खरे पाहता दोन्हींपेक्षा मध्यक व शततमके अधिक प्रामाणिक. दुसऱ्या टोकावरच्या माणसाचा फोन लागत नाही, ही गोष्ट मात्र उणे ८३ या आकड्यात कोठेच दिसत नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न गैरहजर नोंदींचा. फोनला रेंजच नसेल तेव्हा आरएसआरपी नोंदवायचा कोणता? काही साधने त्या क्षणाची ओळच लिहीत नाहीत. काही रिकामी जागा सोडतात. अँड्रॉइड प्रणाली ‘आकडा उपलब्ध नाही’ हे सांगण्यासाठी २१४७४८३६४७ ही संख्या परत करते. नवख्या विद्यार्थ्याच्या आलेखात ती शिरली की सरासरी आकाशाला भिडते आणि चूक निदान डोळ्यांत तरी भरते. वगळलेली ओळ अशी भरत नाही. कल्पना करा, गाडीने १००० सेकंद मोजणी केली. त्यांपैकी १५० सेकंद रेंज नव्हती आणि उरलेल्या ८५० पैकी ८१६ वेळा सिग्नल ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर होता. रिकाम्या ओळी काढून टाकल्या तर व्याप्ती ९६ टक्के. त्या ठेवल्या तर सुमारे ८२ टक्के. ‘डेटा स्वच्छ केला’ असे एक वाक्य प्रबंधात लिहून हे चौदा टक्के पुसता येतात, आणि ते पुसणाऱ्याला आपण काही पुसले याची जाणीवही नसते. जेथे सिग्नल सर्वांत वाईट, तेथलीच साक्ष फाइलीतून निघून जाते. ट्रायच्या कोष्टकांत न लागलेला कॉल मोजला जातो हे मान्य केले पाहिजे; कॉलच्या बाबतीत ही पळवाट बंद आहे. सिग्नलच्या नकाशाच्या बाबतीत ती बंद आहे की उघडी, हे लॉग पाहिल्यावाचून कोणी सांगावे?

मग येते बंगळुरूची खास अडचण: वाहतूक. नोंद वेळेनुसार होते, सेकंदाला एक असे धरू. गाडी सिल्क बोर्डजवळ १५ मिनिटे अडकली तर ९०० नोंदी झाल्या. पुढे तीच गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने १५ मिनिटे धावली तर तेथेही ९०० नोंदी झाल्या, पण १० किलोमीटर रस्त्याच्या. सरासरीच्या दरबारात एक चौक आणि दहा किलोमीटर यांचे वजन सारखे. तो चौक टॉवरच्या समोर असेल तर सारे शहर सुखी दिसते. तो झाकोळलेला असेल तर सारे शहर दुःखी. उपाय कठीण नाही. रस्त्याचे समान लांबीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला एक मत द्यावे. मात्र त्यासाठी प्रत्येक नोंदीचे स्थान आणि वेळ हवी. अहवालातल्या एका टक्केवारीवरून मागे जाऊन हे करता येत नाही.

तुकड्याची लांबी किती असावी, यालाही भौतिकशास्त्राचे उत्तर आहे. इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि व्यतिकरणामुळे सिग्नल अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरातही कोसळतो. ही झटपट होणारी चढउतार बाजूला काढून स्थानिक सरासरी मिळवण्यासाठी विल्यम ली यांनी १९८५ मध्ये एक निकष मांडला: सुमारे ४० तरंगलांबींच्या अंतरात किमान ३६ ते ५० नमुने घ्यावेत. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्हजीची तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे खिडकी जेमतेम साडेतीन मीटरची. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. सेकंदाला एक नोंद घेणारे साधे अ‍ॅप अशा तीन खिडक्या ओलांडून एक आकडा लिहिते. तो आकडाही फोनने स्वतःच्या गाळणीतून काढलेला, आधीच सरासरीत भिजलेला असतो. व्यावसायिक उपकरणे याहून पुष्कळ वेगाने नोंद घेतात, पण ती दाट नोंद कपाटात राहिली तर दाटपणाचा लाभ कोणाला?

नकाशाची कथा तर आणखी निराळी. रागीगुड्ड्यापासून सिल्क बोर्डपर्यंत सुमारे ३.३ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल आहे. जमिनीवर रस्ता, त्यावर वाहनांचा उड्डाणपूल, त्याहून वर मेट्रोची यलो मार्गिका, जी १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. अक्षांश-रेखांश एकच, मजले तीन. खालच्या रस्त्यावर माथ्यावर काँक्रीटचे छत, मेट्रोत खिडकीबाहेर मोकळे आकाश. डब्याचे धातूचे कवच आणि खालचे छत दोन्ही सिग्नल अडवतात, पण वेगवेगळ्या रीतीने. सपाट नकाशावर या तिघांचा मिळून एक ठिपका पडतो, आणि तो हिरवा की लाल हे शेवटी कोणत्या मजल्याच्या नोंदी जास्त होत्या यावर ठरते. पर्पल मार्गिकेच्या भुयारात तर उपग्रहांचा संकेतच पोहोचत नाही. तेथे कित्येक अ‍ॅप शेवटचे ज्ञात स्थान पुढे चालवतात. परिणामी भुयारातील सारे मोजमाप भुयाराच्या तोंडाशी एकावर एक रचले जाते. विद्यार्थी त्या ठिपक्याकडे पाहून म्हणतो, येथे सिग्नल फारच अस्थिर आहे. तो ठिकाणाचा दोष नसतो, नोंदवहीचा असतो.

आणि जेथे गाडी गेलीच नाही, त्या गल्ल्यांचे काय? तेथे रंग अंदाजाने भरला जातो. या अंदाजाची सर्वांत प्रतिष्ठित पद्धत क्रिगिंग ही दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत जन्मली. डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये विरळ छिद्रांवरून खनिजाचा अंदाज बांधण्यासाठी तिचा पाया घातला. या पद्धतीचे मोठेपण असे की ती अंदाजासोबत त्या अंदाजाची अनिश्चितताही देते. छापल्या जाणाऱ्या नकाशांत मात्र पहिला थर दिसतो, दुसरा क्वचितच. मल्लेश्वरमच्या ज्या आडगल्लीत कोणी पाऊल ठेवले नाही, ती मोजलेल्या हमरस्त्याइतक्याच आत्मविश्वासाने हिरवी होते.

रंगांची निवडही निष्पाप नाही. इंद्रधनुषी पट्टी डोळ्याला फसवते. पिवळ्याच्या आसपास नसलेली कडा दिसते आणि हिरव्यात असलेली कडा नाहीशी होते. म्हणूनच मॅटलॅबने २०१४ मध्ये आणि मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये आपली मूळ रंगपट्टी बदलली. लाल-हिरव्याच्या भेदात अडचण असणाऱ्या वाचकाला तर हे नकाशे निरुपयोगीच. पण त्याहून महत्त्वाचे, हिरवा कोठून सुरू होतो? उणे ९५ पासून की उणे ११० पासून? उंबरठा पाच डेसिबलने सरकवला की एकही नवा टॉवर न उभारता शहराचा रंग पालटतो. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांनी कंपन्यांना आपापले तंत्रज्ञाननिहाय व्याप्ती-नकाशे संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले. पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि असा नकाशा मोजूनही रंगवता येतो आणि सूत्रावरूनही. रंगाकडे पाहून ते ओळखता येत नाही. तो पडताळण्यासाठी कंपनीबाहेरची मोजणी लागते, आणि ती मोजणी पुन्हा त्या पीडीएफमध्ये बंद.

सूत्रांचा उल्लेख आला म्हणून थोडा इतिहास. ओकुमुरा आणि सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात फिरून मोजमापे घेतली आणि १९६८ मध्ये त्यांचे वक्र छापले. १९८० मध्ये हाता यांनी त्या वक्रांना बसणारी सूत्रे दिली. पुढे कित्येक दशके जगभरच्या टॉवरांची आखणी त्या सूत्रांच्या आधारे झाली, भारतातल्यासुद्धा. टोकियोचे रस्ते जगाचे रस्ते झाले, कारण टोकियोने आपले मोजमाप जगापुढे ठेवले. बंगळुरूच्या रस्त्यांवरची पर्जन्यवृक्षांची छत्री, मोसमी पावसात भिजलेली तिची पाने, तीन मजली घरावर चढवलेला पत्र्याचा चौथा मजला, हे टोकियोच्या वक्रांत कोठून असणार?

भारताने स्वतःचा भूगोल मांडला तेव्हा जगाने तो ऐकलाही आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०१७ च्या मूल्यमापन निकषांत ग्रामीण भागासाठी टॉवरांमधील अंतर सहा किलोमीटर धरलेली एक चाचणी समाविष्ट झाली. ती भारतीय आग्रहातून आली. ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर, तेथे टॉवर आणि भोवती विखुरलेली वस्ती, हे आपल्या देशाचे चित्र त्यामागे होते. भारत ६जी दृष्टिपत्र मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात नेतृत्वाची आकांक्षा आहे. नेतृत्व करू पाहणाऱ्या देशाचे विद्यार्थी आज यंत्र-शिक्षणाचे प्रयोग कोणत्या नोंदींवर करतात? अनेकदा आयर्लंडच्या. कॉर्क येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये फोरजीच्या १३५ नोंदमाला खुल्या केल्या. प्रत्येक सरासरी १५ मिनिटांची, सेकंदाला एक नोंद, सिग्नलची ताकद, गुणवत्ता, वेग आणि स्थान यांसह. काम नमुनेदार आहे, आणि त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा लागली नाही; बाजारात मिळणारे अ‍ॅप आणि फोन पुरले. बंगळुरूच्या बसमध्ये बसलेला विद्यार्थी कॉर्कच्या गाडीतील सिग्नलचे भाकीत करायला संगणकाला शिकवतो, आणि हे कोणालाही विचित्र वाटत नाही.

ट्रायने कधी काही खुले केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१६ मध्ये आलेल्या मायस्पीड अ‍ॅपवरून नागरिकांनी केलेल्या चाचण्यांच्या फाइली प्रसिद्ध झाल्या, आणि अनेक विद्यार्थ्यांचा पहिला आलेख त्यांवरच उमटला. त्या फाइलींत कंपनी, तंत्रज्ञान, चाचणीचा प्रकार, वेग, सिग्नल आणि सेवाक्षेत्र एवढे स्तंभ. सेवाक्षेत्र म्हणजे ‘कर्नाटक’. सिल्क बोर्ड आणि बीदर एकाच शब्दात. ‘महाराष्ट्र’ म्हटले की पुणे, गडचिरोली आणि चक्क पणजी एका खणात, कारण दूरसंचाराच्या विभागणीत गोवा महाराष्ट्रातच मोडतो. वेळेचा स्तंभ नाही. अशा फाइलीतून कोणता रस्ता सुधारायचा ते कळत नाही.

तेथे स्थान न देण्यास कारण होते, आणि ते योग्य होते. नागरिकाच्या फोनचे स्थान म्हणजे त्याचे आयुष्य. २०१३ मध्ये सुमारे पंधरा लाख लोकांच्या नोंदींवरील अभ्यासाने दाखवले की स्थळ-काळाचे चार बिंदू पुरेसे आहेत. तेवढ्यावरून ९५ टक्के माणसे वेगळी ओळखता येतात. परंतु हा आक्षेप ड्राइव्ह टेस्टला लावणे म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीत स्वतःचेच डोळे बांधून घेणे. गाडीतील फोन कोणा नागरिकाचा नाही. तो कोणाच्या घरी जात नाही, कोणाशी खाजगी बोलत नाही. त्याने लावलेला कॉल परीक्षेचा कॉल असतो. खुला करण्यास इतका निर्धोक स्थान-डेटा दुसरा सापडणे कठीण.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा: लॉगवरून टॉवरांच्या जागा कळतील. टॉवर ही काही लपवलेली वस्तू नाही. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये तरंग संचार हे संकेतस्थळ सुरू केले ते परिसरातील टॉवर आणि त्यांचे उत्सर्जन नागरिकांना पाहता यावे म्हणूनच. खरोखर संवेदनशील ठिकाणे, लष्करी वसाहती वगैरे, वगळता येतील. वगळल्याची नोंद मात्र फाइलीत असावी. तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. अहवालात कंपन्यांची नावे आणि गुणांकन आधीच छापले जाते. निकाल जाहीर आणि उत्तरपत्रिका गुपित, याला व्यापारी हित म्हणणे अवघड आहे. आणि सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेला, संवेदनशील नसलेला डेटा लोकांना मिळावा, असे धोरण केंद्र सरकारने २०१२ मध्येच स्वीकारले आहे. नवा कायदा मागायची गरज नाही.

खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचा दाखला येथे द्यायला हवा. तिच्यावर निरीक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्या डेटावर साधारणपणे १८ महिन्यांचा विशेषाधिकार मिळतो. त्यानंतर तो अभिलेखागारातून इतरांनाही मिळतो. काम करणाऱ्याचे श्रेय राखले जाते, आणि तपासणाऱ्याचा हक्कही. नियामकाला १८ महिने नकोत. अहवालासोबत त्याच दिवशी फाइल देता येईल.

फाइलीत काय असावे, यात गूढ काही नाही. वेळ, अक्षांश, रेखांश, जमल्यास उंची, वाहनाचा वेग, तंत्रज्ञान, वारंवारिता-पट्टा, सेलची ओळख, सिग्नलची ताकद, गुणवत्ता, वेग, विलंब. फोनचे मॉडेल आणि अँटेना गाडीच्या आत होता की टपावर, कारण गाडीचा पत्राच कित्येक डेसिबल खातो. मजकुरात वाचता येणारे स्वरूप हवे, एखाद्या कंपनीच्या महागड्या सॉफ्टवेअरनेच उघडणारे नको. सोबत प्रक्रिया करणारी आज्ञावली: उंबरठे कोणते, नोंदी कशा वगळल्या, सरासरी कोणत्या मोजपट्टीवर. आणि ज्या सेकंदांना रेंज नव्हती त्या सेकंदांच्या ओळी, रिकाम्या का होईना, फाइलीत असल्या पाहिजेत.

तोवर बंगळुरूतील महाविद्यालयांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. कॉर्कमध्ये जे अ‍ॅपने झाले ते येथे बीएमटीसीच्या बसमध्ये, मेट्रोच्या तिन्ही मार्गिकांवर, एका सत्राच्या प्रकल्पात होऊ शकते. फोन प्रकल्पाचे असावेत, विद्यार्थ्यांचे स्वतःचे नसावेत. रागीगुड्ड्याच्या पुलावर मजल्याचा स्तंभ हाताने भरावा: खाली, मध्ये, वर. भुयारात शिरताना स्थानकाचे नाव टिपून ठेवावे, उपग्रहाच्या आकड्यावर विसंबू नये. एकच मार्ग जूनमधल्या पावसात आणि फेब्रुवारीच्या पानगळीत मोजावा. नकाशावर न मोजलेल्या गल्ल्या राखाडी ठेवाव्यात. आणि हे सारे, पहिल्या कच्च्या ओळीपासून, ट्रायच्या पुढच्या अहवालाआधी प्रसिद्ध करावे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.